जर्मनीतल्या ग्युस्ट्रो शहराच्या कॅथेड्रलमधला शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचा तरंगता देवदूत मूळचाच आहे का?

नाही, आज तिथे टांगलेला ब्राँझचा देवदूत ही तिसरी ओतीव प्रत आहे. पहिला बारलाखने १९२७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक म्हणून केला. डोळे मिटलेला, हात छातीशी घेतलेला. त्यात ना विजय, ना वीरश्री. नाझींना नेमकं हेच खुपलं. १९३७ मध्ये तो उतरवला गेला आणि पुढे चक्क वितळवला. बारलाख १९३८ मध्ये वारला. पण साचा शाबूत होता. त्यातून त्याच्या मित्रांनी गुपचूप दुसरी प्रत ओतून घेतली आणि एका खेड्यात लपवली. युद्धानंतर ती कोलोनच्या अँटोनाइटर चर्चमध्ये गेली, आणि तिच्यावरून केलेली तिसरी १९५३ मध्ये ग्युस्ट्रोला लागली. अर्थात ब्राँझमध्ये ‘मूळ’ हा शब्द जरा जपूनच वापरावा. कोलोनची प्रत बारलाखच्याच साच्यातली, म्हणजे पहिलीची सख्खी बहीण. काटेकोरपणे पाहायचं तर कोलोनला जा. मात्र शिल्प ज्या जागेसाठी घडवलं, ती जागा ग्युस्ट्रोच. (चेहरा जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ हिच्यासारखा दिसतो, हे खरं आहे, तो ठरवून केला नव्हता, आपोआप उतरला, असं बारलाख स्वतःच म्हणे.)