वाद्यांविषयी प्रश्नोत्तरे : जुने मेंडोलिन पुन्हा वाजते करताना

प्रश्न : आजोबांचे गोल पाठीचे मेंडोलिन माळ्यावरून खाली काढले आहे. तारा गंजल्या आहेत, तारांखालची लाकडी घोडी निखळून पेटीत पडली आहे आणि पाठीच्या दोन फाकांमध्ये फट दिसते. छान पॉलिश करून नव्या तारा चढवल्या की ते वाजू लागेल का? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : वाजू लागण्याची शक्यता बरीच आहे, परंतु आपण सांगितलेला क्रम पूर्ण उलटा करावा लागेल. तारा सर्वांत शेवटी चढवाव्यात आणि पॉलिश तर शक्यतो करूच नये.

घोडी निखळली याची काळजी करू नका. मेंडोलिनची घोडी मुळात चिकटवलेली नसतेच; तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी राहते. उत्साहाच्या भरात ती कोणी फेव्हिकॉलने चिकटवून टाकणार नाही, एवढे मात्र पाहा.

प्रथम जुन्या तारा काढून वाद्य कोरड्या, मऊ कापडाने पुसून घ्या आणि खिडकीपाशी उजेडात धरून नीट पाहा. गोल पाठीच्या नापोली पद्धतीच्या मेंडोलिनची तबली, म्हणजे पुढची पातळ लाकडी फळी, घोडीच्या लगेच मागे मुद्दाम वाकवलेली असते. हा बाक पाहून तबली खचली असे समजण्याची चूक अनेक जण करतात. खरी खोट स्वरछिद्र आणि घोडी यांच्या मधल्या भागात दिसते. तेथे खोलगटपणा असेल, तर आतल्या आडव्या पट्ट्या सुटल्या असण्याचा संभव आहे. बोटाच्या पेराने तबलीवर हलकेच टकटक करत गेल्यास घट्ट जागी भरीव आवाज येतो आणि पट्टी सुटली असेल तेथे कोरडी खरखर ऐकू येते. त्यानंतर दांडी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. गिब्सन या अमेरिकन वाद्यकंपनीने दांडीत ती सरळ राखणारी पोलादी सळई बसवायला सुरुवात केली ती 1920च्या दशकात. आपल्यासारख्या जुन्या गोल पाठीच्या वाद्यांत ती सहसा नसते. त्यामुळे दांडी पुढे वाकलेली असेल, तर ती पेच फिरवून सरळ होणार नाही, कारागिराकडेच द्यावी लागेल.

फट बुजवताना कोणता चिकट पदार्थ वापरला जातो, यावर वाद्याचे पुढचे आयुष्य ठरते. ही वाद्ये सरसाने जोडलेली असतात. सरस ऊब आणि ओलावा मिळाला की सैल होतो, म्हणून जोड पुन्हा उघडून नीट बसवता येतो. एपॉक्सीने भरलेली फट पुढे कोणालाही धडपणे उघडता येत नाही. कारागिराला हे आधीच स्पष्ट सांगावे, आणि तो सरस वापरायला तयार नसेल, तर काम दुसरीकडे न्यावे. पॉलिशबद्दलही हेच. जुना थर बहुधा लाखेचा असतो आणि तो स्पिरिटने विरघळतो, म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवू नये. घासून नवे जाड पॉलिश चढवले, तर तबलीचा आवाज दबतो आणि आजोबांच्या हाताच्या खुणाही जातात.

हे सारे झाल्यावर तारांकडे वळावे. येथे माझा आग्रह अत्यंत ठाम आहे : दुकानात मेंडोलिनच्या म्हणून सर्रास मिळणाऱ्या जाड तारा या वाद्यावर चढवू नका. सपाट पाठीच्या आधुनिक वाद्यांसाठी केलेल्या आठ तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत जातो आणि जुनी पातळ तबली त्याखाली खचते. सर्वांत हलका संच मागा. त्यातली सर्वांत बारीक तार 0.009 इंच आणि सर्वांत जाड तार 0.032 इंचाच्या आसपास असते. एकदम पूर्ण सुरात न आणता आधी दोन-तीन स्वर खाली लावून ठेवावे, तबली आणि दांडी यांवर लक्ष ठेवावे आणि काही दिवसांत हळूहळू वर यावे.

घोडीची जागा अशी ठरवतात. नटपासून (दांडीच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंतचे (दांडीवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपर्यंतचे) अंतर मोजावे आणि बाराव्या पडद्यापासून तेवढ्याच अंतरावर, किंबहुना किंचित जास्त अंतरावर, घोडी ठेवावी. मग बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर ताडून पाहावे. दाबलेला स्वर चढा असेल, तर घोडी दांडीपासून दूर सरकवावी. उतरलेला असेल, तर जवळ आणावी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असली म्हणजे हाताला सुखाचे होते. उंची कमी करायची असेल, तर घोडी खालच्या बाजूने थोडी थोडी घासावी. जास्त घासली गेली, तर खाली लाकडाची पातळ पट्टी द्यावी लागते, म्हणून घाई नको. पडदे घासून समतल करण्याचे काम मात्र गिटार दुरुस्त करणाऱ्या अनुभवी माणसाकडे सोपवावे. मिरजेच्या सतारमेकरांचे लाकूडकामातले कौशल्य वादातीत आहे, पण मेंडोलिनच्या घोडीला सतारीसारखी जवारी (घोडीचा माथा घासून आणलेला झंकार) काढून चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फटी उघडतात आणि पावसाळ्यात लाकूड फुगते. वाद्य माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, तर पावसाळ्यात तारा लवकर गंजत नाहीत.

प्रश्न : मेंडोलिन पाश्चात्त्य पद्धतीनेच लावावे लागते का? मला त्यावर राग वाजवायचे आहेत. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. तारांच्या चार जोड्या खालच्या स्वराकडून वरच्या स्वराकडे अनुक्रमे पांढरी पाच (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी), पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा लावतात, म्हणजे प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमावर असते. पांढरी पाच हा षड्ज धरून वरच्या दोन्ही जोड्या एकेक स्वर उतरवल्या की सा-प-सा-प अशी मांडणी मिळते. एकही तार चढवावी लागत नाही, त्यामुळे जुन्या वाद्यावरचा ताणही घटतो. स्वर उतरवल्यावर घोडी किंचित सरकवून बाराव्या पडद्यावरची पारख मात्र पुन्हा करावी. दुहेरी तारांवर मींड (तार खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाणे) खेचणे कठीण असते, तरी संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच वाद्यावर राग वाजवून दाखवले आहेत. सुरुवातीला मींड दोन स्वरांपुरतीच ठेवा आणि जोडीतल्या दोन्ही तारा बोटाखाली एकत्र खेचल्या जात आहेत ना, याकडे कान द्या.