डोपिंगच्या बातमीत ‘दोषी’ कधी लिहावं?

पन्हाळ्याच्या घाटात नेमानं सायकल मारणाऱ्या कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: “टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीवरून आमच्या ग्रुपमध्ये वाद होतो. ‘उत्तेजक चाचणीत दोषी’ असं छापतात, ते बरोबर आहे का? नुसता संशय असेल तर काय म्हणायचं? आणि आपला ‘रडीचा डाव’ इथं चालेल का?”

आधी ‘उत्तेजक’. हा शब्द एका काळापुरता चपखल होता. १३ जुलै १९६७ला, टूरमध्ये, माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर सायकलपटू टॉम सिम्प्सन कोसळला आणि गेला. त्याच्या शरीरात अँफेटामिन सापडलं. ते खरोखरचं उत्तेजक, थकवा जाणवू देत नाही. पण नव्वदच्या दशकात या शर्यतींना ग्रासलं ते ईपीओ नावाच्या औषधानं. त्यानं तरतरी येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. स्वतःचंच रक्त काढून ठेवायचं आणि शर्यतीच्या तोंडावर परत चढवायचं, हीसुद्धा बंदी असलेली पद्धत आहे. त्यात उत्तेजकही नाही आणि सेवनही नाही. म्हणून मी सरळ ‘डोपिंग’ लिहितो. तालमीत ‘इंजेक्शनची बॉडी’ म्हणतात, ते मला ‘उत्तेजक द्रव्य सेवना’पेक्षा कितीतरी नेमकं वाटतं. खुराकानं आणि मेहनतीनं कमावलेलं अंग वेगळं, सुईनं आलेलं वेगळं, हे त्या दोन शब्दांत आलं.

आता ‘चाचणीत दोषी’. माझा खरा आक्षेप इथं आहे. नमुन्यात काय सापडलं एवढंच चाचणी सांगते. दोष सुनावणीत ठरतो. २०१७च्या स्पेनच्या शर्यतीत सायकलपटू ख्रिस फ्रूमच्या नमुन्यात साल्ब्युटामोल हे दम्याचं औषध मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे औषध ठरावीक प्रमाणात ओढायला परवानगी असते. २०१८च्या जुलैत सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं त्याच्यावरची कारवाई बंद केली. मधल्या काळात त्याला ज्यांनी ‘दोषी’ म्हटलं त्यांनी चूक केली. ‘नमुन्यात मर्यादेपेक्षा जास्त औषध आढळलं’ हे लांबलचक वाक्यच तेव्हा खरं होतं.

लान्स आर्मस्ट्राँगचं नेमकं उलट. टूरची १९९९ ते २००५ अशी सलग सात विजेतेपदं २०१२मध्ये काढून घेतली, ती प्रामुख्यानं साक्षींच्या जोरावर. साक्ष देणाऱ्यांत त्याचे ११ जुने संघसहकारी होते. तो दोषी ठरला, पण ‘चाचणीत दोषी’ नव्हे. पुढे २०१३च्या जानेवारीत त्यानं कबुलीही दिली.

या दोघांच्या मधला सायकलपटू मार्को पांतानी. ईपीओ पकडणारी चाचणी तेव्हा नव्हती, म्हणून १९९७पासून रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती ओलांडली की १५ दिवस शर्यत बंद, आणि कारण म्हणून तब्येतीचं नाव. १९९९मध्ये इटलीच्या शर्यतीत, आघाडीवीराची गुलाबी जर्सी अंगावर असताना, त्याचा आकडा ५२ निघाला आणि त्याला घरी पाठवलं. अशा वेळी ‘शर्यतीबाहेर काढलं’ इतकंच लिहावं.

संशयाच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. शंका विचारता येते आणि ती फिटते. चढावरची वेळ अविश्वसनीय वाटली तर ती शंका. संशय माणसावर जाऊन बसतो, आणि तिथं क्रियापद महत्त्वाचं. ‘संशय येतो’ तेव्हा तो आपण मुद्दाम आणलेला नसतो. ‘संशय घेतो’ म्हटलं की जबाबदारी घेणाऱ्याची. केवळ वेग पाहून एखाद्याला नावं ठेवणारे संशय घेत असतात. सामान तपासताना काही हाती लागलं तर संशय येणं रास्त आहे. आपल्याकडची जुनी माणसं ‘वहीम’ म्हणतात, तोही छान शब्द आहे, वापरा. ‘आरोप’ मात्र कुणीतरी नावानिशी केल्याशिवाय लिहू नका, आणि ‘ठपका’ चौकशीनंतरच.

राहिला ‘रडीचा डाव’. तो उघड्यावर चालतो. बाद झालेला गडी ‘झालोच नाही’ म्हणून हटून बसतो आणि सगळ्यांना ते दिसत असतं. डोपिंग लपून होतं, म्हणून तिथं तो बसत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात ज्या जोडीवर प्रेक्षक ‘नुरा’, म्हणजे ठरवून केलेली कुस्ती, म्हणून ओरडतात तो प्रकारही वेगळा, कारण त्यात दोघं सामील असतात. टूर संपल्यावर युरोपातल्या गावोगावी ज्या छोट्या शर्यती होतात, त्यांचे निकाल बऱ्याचदा आधीच ठरवलेले असतात. ‘नुरा’ तिथं चालेल.

आणि २०१६च्या जानेवारीत बेल्जियममधल्या झोल्डरला, सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखलमातीतल्या सायकल शर्यतीच्या, जागतिक स्पर्धेत, फेम्के व्हान डेन ड्रीशच्या राखीव सायकलीत सीटखालच्या नळीत मोटर सापडली, सहा वर्षांची बंदी आली, त्याला काय म्हणायचं? सायकल मित्राची असल्याचं ती सांगत होती, पण संघटनेनं तिला दोषी ठरवलं. तिथं ‘लबाडी’ बिनदिक्कत लिहा.