बाय, ती पुळण रिकामी नाहीये

बाय,

तुझा मेसेज काल रात्री तीनदा वाचला, नकाशाचा फोटो अंधुक आलाय आणि माझा चष्मा त्याहून जुना. डीपीच्या, म्हणजे गावाच्या विकास आराखड्याच्या, प्रारूपात तुमच्या वाडीसमोरच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवर, जिथं तुझी आजी बांगडा सुकवते आणि रापणीची, किनाऱ्यावरून ओढायची, जाळी पसरतात, तिथं पार्किंग आणि स्टॉल दाखवलेत, आणि नगरपरिषद म्हणते तिजोरीत खडखडाट आहे, जागा भाड्याने दिल्याशिवाय गत्यंतर नाही. तू विचारतेस मोर्चा काढू का. काढ की, पण आधी माझं ऐक.

एक सांगून टाकतो, कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मी नगररचनेत आरेखक होतो तेव्हा एका किनाऱ्यावरच्या गावाचा विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायचा होता. सर्व्हेला माणसं गेली ती जुलैत. मासेमारी बंद, होड्या झापांखाली, जाळी पडवीत, पुळणीवर कुत्रंसुद्धा नाही. शेऱ्यात आलं 'रिकामी'. मला पक्कं ठाऊक होतं की ऑक्टोबरात तिथं पाय ठेवायला जागा नसते, माझं आजोळच तसल्या वाडीतलं, तरी मी गप रंग भरला आणि फाईल पुढे गेली.

'रिकामी' हा शब्द लय महागात पडतो गं. माझे बाबा गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वर्षभरात आम्ही बोचकं बांधून गावी आलो, आमच्यासारखी कितीतरी घरं आली. पुढं १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीत नियम ५८ आला, ढोबळ सांगायचं तर गिरणीची जमीन विकासाला काढली की एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ ला दुरुस्ती झाली, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेचीच. आता गिरणी म्हणजे शेडला लागून शेड, तिथं मोकळं असणार किती? हायकोर्टाने २००५ ला लोकांच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने २००६ ला तो फिरवला. बाबांनी घराचा फॉर्म भरलेला, नंबर लागायच्या आधीच गेले.

तर तुझं काम हे, की ती जागा रिकामी नाही हे कागदावर आणायचं. आजीकडून लिहून घे कुठल्या महिन्यात काय सुकतं, कुणाची रांग कुठं, भरती कुठवर येते, रापण ओढायला किती माणसं लागतात. तारखेसकट फोटो काढ, जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये मागं पुळण दिसत असेल तर तोही चालेल. मच्छीमार सोसायटीचं पत्र घे. मग हरकत लिही, सर्व्हे नंबर घालून, शेवटच्या तारखेच्या आत, तारीख नोटिशीतच असते, आणि आवक नंबर नि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नको, 'ठेवून जा मॅडम' म्हणतात ते कागद कुठं जातात ते मी बघितलंय. मग नियोजन समितीपुढं सुनावणी लागते, तिथं भाषण करायचं नाही, आजीला ने, तिलाच बोलू दे. नि भाडेपट्टा किती वर्षांचा, भाडं किती, हे लेखी विचार, कारण अडचण दोन वर्षांची नि करार तीस वर्षांचा असं हमखास होतं.

घरांचं वेगळं. २०११ च्या सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या केंद्राच्या नियमात, पारंपरिक मच्छीमारांची परवानगी नसलेली जुनी घरं, १९९१ च्या सीआरझेड नियमात बसत असतील तर, नियमित करायची तरतूद होती, पण अट अशी की धंद्याला वापरायची नाहीत आणि बाहेरच्याला विकायची नाहीत. म्हणजे होमस्टेचा बोर्ड लावायच्या आधी विचार करा. घरपट्टीच्या, लाईट बिलाच्या जुन्या पावत्या एका डब्यात ठेव, उंदरांपासून लांब. आणि कोर्टात बघू म्हणणाऱ्यांना सांग, फुटपाथवाल्यांच्या १९८५ च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने उपजीविकेचा हक्क मान्य केला आणि पावसाळ्यानंतर हटवायची मुभाही दिली.

अजून एक, जरा कडू लागेल. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून परत आलेले पोरगे, ज्यांना पार्किंगवर पावत्या फाडायचं काम मिळेल असं सांगितलंय, त्यांना दलाल म्हणू नको. त्यांच्या घरी पण चूल आहे. उलट त्यांनाच विचार की गाड्या लावायला रस्त्यापलीकडे दुसरी जागा दिसते का, ती हरकतीत सुचव.

रविवारी ये, ट्रेसिंग पेपर माझ्याकडे आहे. येताना सर्व्हे नंबर तलाठ्याकडून नीट बघून आण, तुझ्या फोटोत तीन आहे का आठ तेच कळत नाहीये.

— काका