क्लीव्हलंडजवळच्या शेकर हाइट्समध्ये राहायला जावं का? तिथे घरं आणि हिरवळ सोडून काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला हॉस्पिटलात नोकरी लागली आहे, ज्याला त्याला विचाराल तो शेकर हाइट्सचं नाव घेतोय, आणि फोटो बघितले तर सगळीकडे तेच: मोठी झाडं, जुनी घरं, कापलेलं गवत, माणूस एक नाही. ‘अशा गावाला गाव तरी म्हणायचं का?’ असा तुमचा प्रश्न आहे.

मी इथल्या लोमंड भागात एकोणीस वर्षं राहते. आले तेव्हा माझंही हेच मत होतं. पहिल्या आठवड्यात एका दुपारी खिडकीशी उभी राहून मोजलं होतं: अर्ध्या तासात दोन कुत्री, एक पोस्टमन. माझं माहेर कोल्हापूरचं. तिथे एवढ्या वेळात निदान एक भांडण तरी झालं असतं.

मग एका सकाळी एक छोटीशी तीनचाकी गाडी आमच्या घराच्या बाजूने सरळ मागच्या अंगणात शिरली. मी घाबरून नवऱ्याला फोन लावला. ती सिटीची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कचरागाडी निघाली. इथे कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायचे नसत, माणूस स्कूटर घेऊन परसात यायचा, कचरा उचलायचा आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या ट्रकमध्ये नेऊन टाकायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला डबा दिसू नये म्हणून एवढा खटाटोप. तेव्हा हसू आलं होतं. पुढे गावाचा इतिहास कळत गेला तसं लक्षात आलं की काय दिसू द्यायचं नाही, याची काळजी इथे फार जुनी आहे, आणि ती कचऱ्यापाशी थांबलेली नव्हती.

सुरुवात मात्र अगदी वेगळ्या लोकांनी केली. १८२२ साली इथे शेकर पंथाच्या लोकांनी ‘नॉर्थ युनियन’ नावाची वसाहत वसवली. प्रार्थनेत थरथरत, नाचत, म्हणून शेकर. आपल्याकडच्या मठासारखं समजा, फक्त बायका आणि पुरुष एकाच मठात, बरोबरीच्या मानाने, आणि सगळे ब्रह्मचारी. मालमत्ता सामाईक. झाडू बांधायचे, बियाणं विकायचे, डोन ब्रुक नावाच्या ओढ्यावर बांध घालून गिरण्या चालवायचे. त्यांच्या जागेला ते ‘देवाच्या आनंदाची दरी’ म्हणत. आता ब्रह्मचाऱ्यांचं गाव वाढणार कसं? अनाथ मुलं सांभाळून आणि नवे लोक पंथात घेऊन काही वर्षं चाललं, आणि १८८९ मध्ये उरलेल्या मोजक्या म्हाताऱ्यांनी वसाहत बंद केली. मागे राहिली दोन तळी आणि नाव. ज्या गावात आज लोक केवळ मुलांच्या शाळेसाठी घर घेतात, त्याला नाव आहे ते मूलच न होऊ देणाऱ्यांचं. आम्ही ब्लॉक पार्टीत, म्हणजे गल्लीच्या जेवणात, दरवर्षी हा विनोद नव्याने करतो.

आजचं गाव वसवलं ते ओरिस आणि मँटिस व्हॅन स्वेरिंगेन या दोन भावांनी. दोघे अविवाहित, आयुष्यभर एकत्र राहिले, झोपायचेसुद्धा एकाच खोलीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी शेकरांची ओसाड पडलेली जमीन तुकड्यातुकड्याने घेतली. १९१२ मध्ये शेकर हाइट्स हे रीतसर गाव झालं, १९३१ मध्ये शहर. पण क्लीव्हलंडच्या मध्यवस्तीपासून इतक्या लांब राहायला येणार कोण? आगगाडी हवी. गाडीच्या शेवटच्या काही मैलांसाठी लागणारी जागा ‘निकेल प्लेट’ रेल्वे कंपनीच्या ताब्यात होती. तेव्हा या भावांनी १९१६ मध्ये ८५ लाख डॉलरना ती अख्खी रेल्वेच विकत घेतली. बटणासाठी कोट शिवावा तसं. १९२० मध्ये ‘रॅपिड’ नावाची ही गाडी सुरू झाली. त्या वर्षी गावात जेमतेम सोळाशे माणसं होती, १९३० पर्यंत सतरा हजारांच्या वर गेली. क्लीव्हलंडच्या चौकातला बावन्न मजली टर्मिनल टॉवर याच भावांचा. पुढे मंदीत सगळं बुडालं, एक भाऊ १९३५ ला गेला, दुसरा १९३६ ला. लेक व्ह्यू स्मशानभूमीत दोघांना मिळून एकच दगड आहे, त्यावर ‘भाऊ’ असं कोरलंय. ती रॅपिड आजही रस्त्याच्या मधल्या रुंद हिरवळीवरून धावते, आता सरकारी आहे. मिस्टर रोज गाडी चालवायला कंटाळणारे असतील तर निळ्या किंवा हिरव्या लाइनच्या जवळ घर बघा.

आता गोड गोड नसलेला भाग. या भावांनी जमीन नुसती विकली नाही, खरेदीखतातच नव्याण्णव वर्षांच्या अटी घातल्या. घर रस्त्यापासून किती मागे असावं, कोणत्या धाटणीचं असावं, रंग कोणता चालेल, सगळं ठरलेलं. इंग्लिश, फ्रेंच आणि कलोनियल (जुन्या वसाहतकाळातल्या अमेरिकन घरांसारखी), बस्स. म्हणून तुम्हाला फोटोत घरं एका घराण्यातली वाटतात, पण सारखी दोन सापडत नाहीत. आणि १९२५ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरने इथे घर घेतल्यावर अटींमध्ये भर पडली: या भावांच्या कंपनीची किंवा आजूबाजूच्या बहुसंख्य घरमालकांची संमती असल्याशिवाय घर दुसऱ्याला विकता येणार नाही. कागदावर ‘काळे नकोत’ किंवा ‘ज्यू नकोत’ असं लिहायची गरजच उरली नाही. त्या डॉक्टरला इतका त्रास झाला की शेवटी त्याने गाव सोडलं.

सोसायटीच्या एनओसीची आठवण झाली ना? माझ्या भावाला पुण्यात भाड्याने घर शोधताना फोनवर आधी आडनाव विचारलं, मग ‘तुम्ही मटण खाता का?’ हे विचारलं, आणि मग ‘फ्लॅट कालच गेला’ असं सांगितलं. तेव्हापासून हा १९२५ चा किस्सा मला परका वाटत नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वंशावरून घातलेल्या अशा अटी कोर्टांनी अमलात आणायच्या नाहीत असा निकाल दिला, पण एका निकालाने शेजार बदलत नाही. इथे लडलो नावाचा भाग आहे. अर्धा क्लीव्हलंड शहरात मोडतो, अर्धा शेकरमध्ये, पण शाळा सगळ्यांना शेकरची. पन्नासच्या दशकात तिथे कृष्णवर्णीय वकील, डॉक्टर घरं घेऊ लागले. जानेवारी १९५६ मध्ये जॉन पेग नावाच्या वकिलाचं घर बांधून होत आलेलं असताना तिथे बॉम्ब फुटला.

अमेरिकेतल्या इतर शहरांत यापुढची गोष्ट ठरलेली होती. दलाल दारोदार जाऊन गोऱ्यांना घाबरवायचे, ‘आत्ता विका, नंतर कवडीमोल होईल’, आणि दोन-तीन वर्षांत अख्खी गल्ली रिकामी व्हायची. लडलोमध्ये तसं झालं नाही. काही गोरे शेजारी पेग यांच्या पडझडीची साफसफाई करायला गेले. मग एकमेकांच्या दिवाणखान्यात बसायला लागले. सुरुवातीला फार अवघडलेपण असायचं, असं इथल्या जुन्या लोकांकडून ऐकलंय. १९५७ मध्ये लडलो कम्युनिटी असोसिएशन उभी राहिली, पुढे मोरलँड, लोमंड अशा इतर भागांनीही तोच कित्ता गिरवला. त्यांचं काम भाषणांचं नव्हतं, चक्क दलालीचं होतं. दलाल गोऱ्या गिऱ्हाइकांना लडलो दाखवत नाहीत ना, मग आपणच दाखवू. घर विकायला निघालं की बायका गिऱ्हाइकाला चहाला बोलवायच्या, शाळा फिरवून आणायच्या. बँक कर्ज देत नाही तर वर्गणीतून दुसरं कर्ज द्यायचं. कृष्णवर्णीय कुटुंबांना गावाच्या उत्तरेकडच्या गोऱ्या भागात यायला मदत, गोऱ्यांना मिश्र भागात यायला मदत. १९८६ पासून तर यासाठी गावात वेगळा निधीच होता.

यात एक खुपणारी गोष्ट आहे आणि ती इथले लोकही बोलून दाखवतात. समतोल राखायचा म्हणजे कोणाला तरी मोजायचं, आणि मोजलं की कोणीतरी ‘जास्त’ ठरतो. बऱ्याचदा तो कृष्णवर्णीयच ठरायचा. या हिशेबात आपण भारतीय कुठल्या रकान्यात बसतो, हे मी दोघातिघांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही.

आणि हेच गाव १९७६ मध्ये क्लीव्हलंडच्या हद्दीवरचे रस्ते अडथळे लावून बंद करतं! पलीकडची वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय मध्यमवर्गीयांची. शेकर म्हणालं, वाहतूक कमी करायला. पलीकडचे म्हणाले, ही आमच्यासाठी बांधलेली बर्लिनची भिंत. कोर्टात शेवटी शेकर जिंकलं. मला विचाराल तर कायद्याने जिंकलं, एवढंच.

माझा आवडता किस्सा मात्र तळ्यांचा. साठच्या दशकात काउंटीचा इंजिनिअर अल्बर्ट पोर्टर याने शेकरांच्या त्या दोन तळ्यांवरून फ्रीवे न्यायचं ठरवलं. विरोध झाल्यावर तो म्हणाला, ते काय, दोन दमड्यांचं बदकांचं डबकं! हे वाक्य त्याला महागात पडलं. इथल्या बागकाम मंडळांतल्या बायका, टोप्या घालून गुलाबांची प्रदर्शनं भरवणाऱ्या, एकत्र आल्या. त्यांनी मोर्चा कमी काढला आणि डोकं जास्त चालवलं: १९६६ मध्ये नेमक्या रस्त्याच्या आखणीवर निसर्ग केंद्र उभं केलं, शाळेच्या पोरांच्या सहली आणायला सुरुवात केली. आता पोरांच्या अंगावरून रस्ता कोण नेणार? १९७० मध्ये ओहायोचे गव्हर्नर ऱ्होड्स यांनी योजना गुंडाळली. ते केंद्र आजही आहे, पाणथळ जागेवर लाकडी पायवाट आहे, तिथे निळे बगळे दिसतात. दोन तळ्यांपैकी हॉर्सशू लेकचा बांध मात्र धोकादायक ठरला आणि ते तळं रिकामं केलं. पुन्हा बांधायचं की ओढा मोकळा सोडायचा यावरून एवढी भांडणं झाली की गल्लीगल्लीत पाट्या लागल्या होत्या. कोल्हापूरची उणीव भरून निघाली.

शाळांबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. १९७० मध्ये मोरलँडची शाळा जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय झाली होती. तिथली मुलं बसने इतर शाळांत पाठवायचं ठरत होतं, तेव्हा काही गोऱ्या पालकांनी आमची मुलं उलट दिशेने मोरलँडला पाठवतो असं सांगितलं, आणि सक्तीविना दोन्ही बाजूंनी बस सुरू झाली. ती शाळा पुढे बंद झाली. आज त्याच इमारतीत गावाचं मुख्य वाचनालय आहे, माझा सर्वांत जास्त वेळ जिथे जातो ते. १९८३ मध्ये हायस्कूलच्याच मुलांनी वंशसंबंधांवर एक गट काढला. मोठी मुलं प्राथमिकच्या वर्गात जाऊन खेळ घेतात, कोणाला वगळलं तर कसं वाटतं यावर बोलतात. माझी लेक चौथीत असताना त्या दिवशी घरी आली आणि जेवताना एकदम म्हणाली, ‘आई, तू त्या नव्या शेजारणीला अजून बोलावलं नाहीस.’ काय बोलणार?

तरी सगळं सुटलेलं नाही. एकाच शाळेत असून वरच्या तुकड्या गोऱ्या आणि खालच्या कृष्णवर्णीय, ही तक्रार जुनी आहे. १९९७ मध्ये कृष्णवर्णीय पालकांनीच जॉन ओग्बू या नायजेरियात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञाला बोलावून याचा अभ्यास करायला लावला. त्यांचे निष्कर्ष मुलांच्या आणि पालकांच्या वृत्तीवर बोट ठेवणारे निघाले आणि बोलावणारेच रागावले. २०२० मध्ये शाळांनी बहुतेक वेगळ्या तुकड्या काढून टाकल्या. आपले भारतीय पालक यावर जे बोलतात ते इथे लिहीत नाही. तुम्ही आलात की पहिल्याच पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणायच्या जेवणात, ऐकाल.

आपली माणसं या गावात मोजकी आहेत, क्लीव्हलंडच्याच सोलन नावाच्या उपनगराकडे जास्त. गणपतीला आणि दिवाळीला गाडी काढावी लागते. गाण्याची आवड असेल तर क्लीव्हलंडला १९७८ पासून दरवर्षी त्यागराज आराधना भरते, कर्नाटक संगीतातली मोठमोठी मंडळी येतात. बाकी शेजार तुमच्यावर आहे. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एक दिवस रस्ता बंद करून टेबलं मांडतात. पहिल्या वर्षी मी साबुदाण्याची खिचडी नेली तर कोणी हात लावेना. शेजारच्या आजीबाईंनी दोनदा घेतली, तेव्हापासून दरवर्षी तिचीच फर्माईश असते.

पैशाचं सांगते. घरपट्टी भयंकर आहे, ओहायोत सर्वांत वरच्यांपैकी. घराची किंमत बघून हुरळू नका, वर्षाची घरपट्टी बाराने भागून हप्त्यात मिळवा आणि मग ठरवा. विकणाऱ्याला आधी सिटीकडून घराची तपासणी करून घ्यावी लागते, तो अहवाल मागून घ्या. गॅरेजचा रंग उडालाय इथपर्यंत सगळं त्यात असतं, आणि राहिलेली दुरुस्ती तुमच्या गळ्यात पडू शकते. शरद ऋतूत पानं झाडून फुटपाथ आणि रस्त्यामधल्या पट्टीवर ढीग लावायचा. तिला इथे ‘ट्री लॉन’ म्हणतात, दुसरं काही म्हणालात तर नवखे आहात हे कळतं. सिटीची गाडी येऊन ती पानं ओढून नेते.

आणि घर बघायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर या. बरीच घरं १९२० च्या दशकातली आहेत. एजंट तुम्हाला जिना आणि रंगीत काचा दाखवत बसेल, तुम्ही आधी बेसमेंटमध्ये उतरा आणि कोपऱ्यात उभं राहून वास घ्या.