जुनी टोपोशीट पहिल्यांदाच उघडताय?

टोपोशीट म्हणजे डोंगर, रस्ते, वस्त्या दाखवणारा सरकारी सर्वेक्षणाचा तपशीलवार नकाशा. छंद झकास निवडलात! फक्त सगळा जिल्हा एकदम उघडून बसू नका. एकच शीट घ्या, आजोळच्या गावाची असली तर उत्तम. पुणे शहर ४७ एफ/१४ क्रमांकाच्या शीटवर सापडेल.

नवखे हमखास कुठे फसतात ते सांगतो:
- समासात सर्वेक्षणाचं वर्ष बघा, छपाईचं नव्हे. छपाईच्या वर्षावर विसंबून मी नकाशात नसलेला रस्ता ‘नंतरचा’ ठरवला होता. गावातल्या आजोबांनी हसून काढलं.
- इंचाला मैल (नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल) प्रमाणाच्या शीटवर उंची फुटांत असते. पर्वतीचे २१०० फूट हे मीटर समजलात, तर ती सिंहगडापेक्षा उंच!
- ‘पूना’, ‘किरकी’ अशी नावं मोठ्यानं वाचा, गाव ओळखू येतं.

खरी मजा पानशेत धरणाकडे. १९६१ च्या आधीच्या सर्वेक्षणाची आणि आजची शीट शेजारी ठेवा. जुन्या शीटवरची एखादी तुटक रेघ, म्हणजे पायवाट, बोटानं धरून चला. आज ती सरळ पाण्यात शिरते, आणि पलीकडची वस्तीही पाण्याखालीच. मग तिथे जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा.

संगणकावर नकाशे एकमेकांवर बसवणं वगैरे सध्या राहू द्या. आधी दोन-तीन रविवार पायी फिरा.