चिनी माल, अमेरिकी शुल्क: वाचकांच्या शंका

प्रश्न: चिनी मालावरचं अमेरिकी शुल्क चीन भरतो, असं भाषणांतून ऐकू येतं. प्रत्यक्षात पैसे कोण भरतं, आणि किती?

अमेरिकी कस्टम्सच्या कागदांवर आयातदार म्हणून ज्याचं नाव असतं, तो भरतो. बहुतेक वेळा ती अमेरिकी कंपनीच असते. चिनी कारखान्याने भाव उतरवून दिला तर भार थोडाफार वाटला जातो, पण तो दोघांमधला सौदा झाला. शुल्क आयातदाराच्याच खात्यातून जातं, तेही माल सुटल्यापासून कामाच्या १० दिवसांत.

एक हिशेब मांडू. प्लास्टिकच्या सुटकेस, इन्व्हॉइस ४०,००० डॉलर. मूळ शुल्क २० टक्के, म्हणजे ८,०००. शिवाय १९७४ च्या अमेरिकी व्यापार कायद्यातल्या कलम ३०१ खाली चिनी मालावर लावलेलं जादा शुल्क. सुटकेस या शुल्काच्या सप्टेंबर २०१८ च्या तिसऱ्या यादीत आल्या; दर आधी १० टक्के होता, मे २०१९ मध्ये २५ झाला. म्हणजे आणखी १०,०००. नवखे लोक हे २५ टक्के मूळ शुल्क मिळवून ४८,००० वर काढतात आणि गणित चुकतं. दोन्ही शुल्कं मालाच्या किमतीवरच लागतात. कस्टम्सची प्रक्रिया फी ०.३४६४ टक्के, म्हणजे १३८.५६ डॉलर, आणि माल समुद्रमार्गे आला तर बंदर फी ०.१२५ टक्के, म्हणजे ५० डॉलर. एकूण १८,१८८.५६. २०२५ पासून आलेली आणि सतत बदलणारी इतर शुल्कं यात धरलेली नाहीत.

बॉण्डकडे, म्हणजे शुल्क भरलं जाईल याची जी हमी आयातदाराला कस्टम्सकडे द्यावी लागते तिच्याकडे, मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं. वर्षभर चालणारा कस्टम्स बॉण्ड साधारणपणे मागच्या १२ महिन्यांत भरलेल्या शुल्क-फीच्या १० टक्क्यांचा लागतो, किमान ५०,००० डॉलरचा. वर्षाला २० लाख डॉलरच्या सुटकेस आणणाऱ्याचं शुल्क ४ लाखांवरून ९ लाखांवर गेलं, की ५० हजारांचा बॉण्ड तोकडा पडतो. ९० हजारांच्या वरचा लागतो. कस्टम्सची नोटीस येऊनही बॉण्ड वाढवला नाही तर पुढचा माल अडकतो आणि कंटेनरचं भाडं चढत राहतं.

प्रश्न: माल व्हिएतनाम किंवा मेक्सिकोमार्गे नेला तर ३०१ टळतं का?

नुसता मार्ग बदलून टळत नाही. माल कुठून जहाजात चढला याला महत्त्व नाही, तो कुठे घडला हे पाहिलं जातं. दुसऱ्या देशात त्याचं नाव, स्वरूप किंवा उपयोग बदलेल इतकं काम व्हायला हवं. खोकी बदलणं, लेबल लावणं, चार स्क्रू पिळणं यात बसत नाही. २०१८ मध्ये अमेरिकी कस्टम्सने मेक्सिकोत जोडलेल्या विजेच्या मोटरींबद्दल (गाड्या नव्हेत) निर्णय दिला: मुख्य सुटे भाग चिनी, म्हणून मालावर मूळ देशाचा शिक्का मेक्सिकोचा असला तरी ३०१ साठी मोटर चिनीच. शिक्क्याचा नियम एक आणि शुल्काचा दुसरा असू शकतो, हे ज्यांनी गृहीत धरलं नाही त्यांचे हिशेब पार कोसळले.

म्हणून ऑर्डर देण्याआधी माल कोणत्या देशाचा धरला जाईल, याचा कस्टम्सकडून लेखी पूर्वनिर्णय मागवा. त्याला फी नाही. अर्जात प्रत्येक सुटा भाग, त्याचा देश, किंमत आणि जोडणीची प्रत्येक पायरी लिहा. मोघम अर्ज परत येतो. मूळ देश खोटा दाखवला आणि ती फसवणूक ठरली, तर दंड मालाच्या अमेरिकेतल्या पूर्ण किमतीइतका होऊ शकतो. नुसता निष्काळजीपणा ठरला तरी बुडालेल्या शुल्काच्या दुपटीपर्यंत. कागदपत्रं ५ वर्षं जपावी लागतात.

प्रश्न: शुल्क कायदेशीरपणे कमी करायचा काही मार्ग?

आहे. कारखान्याने मध्यस्थाला ३०,००० ला विकलेला माल मध्यस्थाने तुम्हाला ४०,००० ला दिला, तर शुल्क पहिल्या विक्रीच्या किमतीवर भरता येतं. वरच्या सुटकेसवर त्याने ४,५०० डॉलर वाचतात. अटी तीन: दोन्ही विक्री खऱ्या असाव्यात, पहिल्या विक्रीच्या वेळीच माल अमेरिकेसाठी ठरलेला असावा, आणि कारखाना व मध्यस्थ यांच्यातला भाव संगनमताचा नसावा. अडतं ते पहिल्या इन्व्हॉइसवर. आपला नफा उघडा पडेल म्हणून मध्यस्थ तो दाखवत नाही. तेव्हा ही अट खरेदीच्या करारातच घाला. माल बंदरावर आल्यावर मागून तो कागद हाती लागत नाही.