नसांना करंट देणारी कॉन्फिगरेबल चिप डिझाइन करायची आहे, फायनल इयरला आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न वाचला आणि जुनी खपली निघाली, म्हणून लिहितोय. टूल्सचं आधी उरकतो: एनजीस्पाइस (सर्किटचं सिम्युलेशन), मॅजिक (चिपचा लेआउट) आणि स्कायवॉटर या चिप कारखान्याची 130 नॅनोमीटरची ओपन पीडीके (त्यांच्या प्रोसेसवर डिझाइन करायला लागणारी माहिती), तिन्ही फुकट, शिका. व्होल्टेजचं गणित मात्र त्याच्याही आधी. बारीक इलेक्ट्रोडचे 10 किलोओहम धरले आणि त्यातून 1 मिलिअँप ढकलायचा तर 10 व्होल्ट तिथंच खपले, त्या पीडीकेतले साधे 1.8 व्होल्टचे ट्रान्झिस्टर घेऊन काय करणार?

आमच्या गाइड सरांचा एकच हट्ट, सगळं रजिस्टरमधून, म्हणजे सेटिंग ठेवायच्या छोट्या मेमरीतून, बदलता आलं पाहिजे. अँप्लिट्यूड, पल्स विड्थ, फ्रिक्वेन्सी ठीकाय, पेशंटगणिक बदलतंच. पण इलेक्ट्रोडच्या सिरीजमधला, सतत एकाच दिशेनं जाणारा करंट (डीसी) अडवणारा कपॅसिटरपण काढायला लावला, का तर उद्या चिपवर एवढा मोठा बसणार नाही, मग आज बोर्डवर तरी कशाला, फर्मवेअर बघून घेईल. बरं. मे महिन्यातलं सोलापूर, घरी स्टीलच्या वाटीत मिठाचं पाणी, त्यात स्टीलच्या दोन तारा सोडून टेस्टिंग चाललेलं. लाइट गेली, लगेच आली, आणि पल्स विड्थच्या रजिस्टरमध्ये कायतरी कचरा बसला. प्रत्येक पल्समध्ये करंट आधी एका दिशेनं आणि मग तेवढाच उलट जायला हवा, पण निगेटिव्ह फेज सुरू झाली ती संपेचना. मी चहा घेऊन येईतो एका तारेवर बारीक बुडबुडे, दुसरीपाशी पाणी पिवळट. वडील जकार्डवर (पंचकार्डवरून नक्षी काढणारा माग) चादरी विणायचे, वाटीत डोकावून म्हणाले, "कार्ड बदललं की डिझाइन बदलतंय, पण बाणा (आडवा धागा) तुटल्यावर माग थांबवायचं काम कार्डावर सोडतेत का बे?" सरांना सांगितलं तर म्हणे डेमोला इन्व्हर्टर लाव.

बरं, बिघाड नसला तरी हिशोब बघा. 1 मिलिअँप, 200 मायक्रोसेकंद, सेकंदाला 50 पल्स, आणि दोन फेजमध्ये फक्त 1 टक्का फरक राहिला तरी सरासरी 100 नॅनोअँप डीसी नसेजवळ जात राहतो, म्हणजे वाटीत झालं तसलंच काहीतरी तिथं हळूहळू होऊ शकतं. म्हणून पल्सची कमाल मर्यादा मोजणारा काउंटर वेगळा ठेवा, रजिस्टरला तिथं हातच लावता येऊ नये, आणि प्रत्येक पल्सनंतर दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना शॉर्ट करा, उरलेला चार्ज निघून जातो. गाइडनी कपॅसिटर काढा म्हटलं तर लेखी घ्या.

हां, रेटिनाच्या इम्प्लांटसारखे शेकडो चॅनल असले तर प्रत्येकाला कपॅसिटर खरंच बसत नाही, तिथं शॉर्टिंग आणि दोन फेजच्या करंट मॅचिंगवरच भागवावं लागतं, तेवढं सरांचं बरोबर. आमचा बोर्ड एका चॅनलचा होता.